गॅरेजच्या ओल्या जमिनीबाबत मदत हवी आहे
अनेक वर्षे अडगळीत पडलेल्या, एकच मोटार मावेल अशा गॅरेजमध्ये जुन्या गाडीच्या पुनरुज्जीवनासाठी कार्यशाळा उभारण्याचे मी ठरवले आहे. परंतु जमिनीवर चारही कडा चिकटपट्टीने बंद करून ठेवलेल्या प्लास्टिकखाली २४ तासांत पाण्याचे थेंब जमले, आणि पॉलिश पेपरने घासलेला गाडीच्या दरवाजाचा पत्रा एका रात्रीत तांबूस झाला. अशा ओलीवर जमिनीला द्यायचा इपॉक्सी रंग (दोन घटक मिसळून बनणारा टणक लेप) टिकत नाही. मग जुने काँक्रीट फोडून, खाली जाड पॉलिथिन अंथरून नवा कोबा करावा, की वरूनच ओलप्रतिबंधक थर द्यावा? छत बुटके असल्याने गाडी वर उचलणारी लिफ्ट बसणार नाही. गाडीखाली उभे राहून काम करण्यासाठी खड्डा खणावा, तर हवेपेक्षा जड असलेली पेट्रोलची वाफ त्यात साचण्याची मला खरोखर भीती वाटते. असे काम स्वतः केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.