मदत हवी आहे : फ्रीडम, लिबर्टी, इमॅन्सिपेशन... सगळ्यांना 'स्वातंत्र्य'च म्हणायचं का?

कानामात्रा :
अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करते आहे. गुलामगिरीवरच्या प्रकरणात फ्रीडम, लिबर्टी, इंडिपेन्डन्स, लिबरेशन, इमॅन्सिपेशन आणि मॅन्युमिशन हे शब्द पानोपानी येतात. खर्ड्यात सगळीकडे 'स्वातंत्र्य' पडलंय. त्यामुळे अशी वाक्यं झाली आहेत : '१७७६ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पण त्यात गुलामांना स्वातंत्र्य नव्हतं, त्यांचं स्वातंत्र्य १८६३ मध्ये जाहीर झालं.' वाचणाऱ्याला काहीच उलगडत नाही. फ्रीडम आणि लिबर्टी यांतला फरक मराठीत दाखवावा का? आणि इमॅन्सिपेशन, मॅन्युमिशन यांना चालणारे शब्द कोणते?

मोरपंखी :
आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तिथली चूक भाषेपुरती राहत नाही, इतिहासच चुकतो.

मॅन्युमिशन म्हणजे एका मालकाने आपल्या गुलामाला मोकळं करणं. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांसाठी केलेली तरतूद ही मॅन्युमिशन. इथे 'मालकाने केलेली मुक्तता' असं सरळ लिहा, कर्ता वाक्यात दिसू द्या.

इमॅन्सिपेशन म्हणजे कायद्याने किंवा हुकमाने एका अख्ख्या वर्गाच्या बेड्या काढणं. मुळात हा रोमन कायद्यातला शब्द, मुलाला बापाच्या ताब्यातून मोकळं करण्याचा. लॅटिन 'मानुस' म्हणजे हात. कुणाच्या तरी हाताखालून सुटणं हा अर्थ शब्दात अजून शिल्लक आहे. त्यासाठी 'दास्यमुक्ती' चांगला. १ जानेवारी १८६३ चा लिंकनचा तो 'दास्यमुक्तीचा जाहीरनामा'.

ॲबॉलिशन त्याहून वेगळं. तिथे माणसं सुटत नाहीत, प्रथाच संपते : 'गुलामगिरीचं निर्मूलन'. हा फरक सांभाळलाच पाहिजे, कारण १८६३ चा जाहीरनामा बंड केलेल्या राज्यांपुरताच होता. युनियनमध्ये, म्हणजे बंड न करता संघराज्यातच राहिलेल्या डेलावेअर, केंटकीसारख्या राज्यांतल्या गुलामांना तो लागू नव्हता. प्रथा देशभर कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. दोन्हीकडे 'गुलामांना स्वातंत्र्य मिळालं' लिहिलं तर मधली जवळपास तीन वर्षं गायब होतात.

आणखी एक. मुळात 'सेल्फ-इमॅन्सिपेशन' असेल तर 'मुक्त करण्यात आलं' असं कर्मणी वाक्य नको. पळून युनियन सैन्याच्या छावण्या गाठणाऱ्यांनी स्वतःची सुटका स्वतः केली, हेच लेखकाला म्हणायचं असतं.

वेलांटी :
मोरपंखींना अनुमोदन. त्यात भर : जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी त्यांनी 'इमॅन्सिपेशन' हाच शब्द वापरला आहे. म्हणजे हा शब्द मराठी विचारविश्वाला परका नाही. 'दास्यमुक्ती' निर्धास्त वापरा.

सायंतारा :
आता फ्रीडम आणि लिबर्टी. ही जोडी इंग्रजीचीच अडचण आहे. फ्रेंचांकडे एकच लिबर्ते, जर्मनांकडे एकच फ्रायहाइट. इंग्रजीत जुना जर्मानिक शब्द आधीपासून होता, लॅटिन शब्द फ्रेंचमधून आला, आणि दोन्ही टिकले. (फ्री आणि फ्रेंड एकाच मुळाचे, आणि आपला 'प्रिय' त्याच कुळातला. आपल्या माणसांत असणं हा 'फ्री'चा जुना अर्थ आहे, हे मला फार सुंदर वाटतं.)

आजच्या वापरात कल असा : लिबर्टी म्हणजे सत्तेने मान्य केलेलं, कायद्याने राखलेलं, म्हणून मोजताही येणारं; 'सिव्हिल लिबर्टीज' हे अनेकवचन त्यातूनच येतं. फ्रीडम जास्त ऐसपैस : मनाचं, हालचालीचं, निवडीचं. पण भिंत पक्की नाही. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत भाषणाचं फ्रीडम आहे, पाचवीत जीवित, लिबर्टी आणि मालमत्ता आहे. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिनने १९५८ च्या व्याख्यानात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो असं सांगूनच टाकलं होतं.

म्हणून माझं मत : दोन्हींना 'स्वातंत्र्य'च ठेवा. भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात उद्देशिकेत आणि अनुच्छेद २१ मध्ये लिबर्टी आहे, १९ मध्ये फ्रीडम. मराठी पाठात तिन्हीकडे 'स्वातंत्र्य'. वाचकाच्या कानाला तेच सवयीचं आहे. लेखक स्वतः दोन शब्दांची तुलना करत असेल तेवढ्याच परिच्छेदात 'लिबर्टी' आणि 'फ्रीडम' देवनागरीत ठेवा.

मात्र वाक्प्रचारांत 'स्वातंत्र्य' चालत नाही. 'ॲट लिबर्टी टू से' म्हणजे 'सांगायची मुभा'. माणसाशी लिबर्टीज घेणं म्हणजे नको तितकी सलगी, मजकुराशी घेणं म्हणजे मनमानी. नौदलातल्या खलाशाची लिबर्टी म्हणजे किनाऱ्यावर जायची थोडक्या वेळाची सुट्टी. अठराव्या शतकातल्या लेखनात 'लिबर्टी' आणि 'लायसन्स' समोरासमोर आले तर लायसन्सचं भाषांतर 'स्वैराचार'. तिथे 'परवाना' लिहिला की वाक्याचा अर्थ उलटतो.

कानामात्रा :
खूप आभार. दोन अडचणी उरल्या. अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टच्या जानेवारी १९४१ च्या भाषणातली चार फ्रीडम्स : दोन 'ऑफ'वाली, दोन 'फ्रॉम'वाली. 'अभावापासून स्वातंत्र्य' खटकतं. आणि लिबरेशनला काय म्हणू?

सायंतारा :
खटकणं बरोबर आहे, मराठीत 'पासून' मुक्ती असते. भाषणाचं स्वातंत्र्य, उपासनेचं स्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती, भयापासून मुक्ती. मथळा 'चार स्वातंत्र्यं' ठेवा. चारदा एकच शब्द येण्याचा ठेका जातो, पण अर्थ शाबूत राहतो.

वेलांटी :
लिबरेशन ही घटना आहे, फ्रीडम ही स्थिती. आपल्याकडे हा भेद रुळलेला आहे : १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन, पण १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिन आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. एखादा प्रदेश कुणाच्या तरी ताब्यातून सुटला की मुक्ती. इंडिपेन्डन्सचा अर्थ देशाने दुसऱ्या देशाच्या अधीन नसणं, तिथे 'स्वातंत्र्य' योग्यच. पण त्याच परिच्छेदात लिबर्टीही असेल तर इंडिपेन्डन्सला 'राजकीय स्वातंत्र्य' म्हणा आणि लिबर्टीला 'व्यक्तिस्वातंत्र्य'.

मोरपंखी :
खर्डा दुरुस्त करताना शब्द शोधून सरसकट बदलू नका. मूळ इंग्रजी फाइलमध्ये सहाही शब्दांची प्रत्येक जागा काढा आणि शेजारी तीन गोष्टी लिहा : सुटलं कोण, कुणाच्या ताब्यातून, सोडवलं कुणी. तिसरा रकाना रिकामा राहिला तर बहुधा तिथे फ्रीडम किंवा लिबर्टी असेल; भरला तर मुक्ती, मुक्तता, सुटका यांपैकी एक. रूढ नावं मात्र बदलू नका, 'स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा' तसाच राहू द्या.

तुमच्या वाक्यात एक तथ्यही सुधारा : १७७६ मध्ये घोषणा झाली, ब्रिटनने मान्यता दिली ती १७८३ च्या पॅरिस तहात.

कानामात्रा :
हे लक्षातच आलं नव्हतं. आता वाक्य असं केलंय : '१७७६ मध्ये वसाहतींनी स्वातंत्र्य घोषित केलं आणि त्याच घोषणेत व्यक्तिस्वातंत्र्य हा माणसाचा अविभाज्य हक्क मानला, गुलाम मात्र गुलामच राहिले. १८६३ मध्ये बंडखोर राज्यांपुरता दास्यमुक्तीचा जाहीरनामा निघाला, आणि गुलामगिरीचं निर्मूलन व्हायला १८६५ चा डिसेंबर उजाडला.'

मोरपंखी :
'अविभाज्य' नको, ते वेगळं. मुळातला शब्द 'अनएलिनेबल' आहे, म्हणजे काढून घेता किंवा देऊन टाकता न येणारा. 'अहरणीय' लिहा. बाकी वाक्य पक्कं.