मदत हवी आहे: नाशिकमध्ये उपनगर भागातून कॉलेज रोडला रोज सायकलने, द्वारका चौक टाळून कसं जायचं?

उपनगरवाली

नमस्कार मंडळी. मी मूळची कळवणची. यंदा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला कॉलेज रोडला प्रवेश घेतलाय आणि राहते उपनगरला आत्याकडे. पाचवीपासून सायकल चालवतेय, म्हणून बाबांनी माझी जुनीच सायकल भाजीच्या पिकअपमध्ये क्रेटांवर आडवी टाकून पाठवून दिली. लेडीज फ्रेम, गिअर नाहीत, पुढे बास्केट. बास्केटची एक बाजू क्रेटांनी चेपलीय, पण डबा बसतो.

मंगळवारी पहिल्यांदा निघाले. पुणे रोडने सरळ द्वारका, पुढे सारडा सर्कल, असा बेत होता. द्वारकेला पोचले आणि संपलंच सगळं. वर उड्डाणपूल, खाली खांब, आणि कुठून काय येतंय ते कळेना. सिग्नल तीनदा सुटला, मी तिथेच. चौथ्यांदा एका हातगाडीच्या आडोशाने कशीबशी पार झाले, तर सारडा सर्कलच्या अलीकडे ओढणी चेनमध्ये गेली. ओढली की आणखी आत जाते! एका रिक्षावाल्या काकांनी मागचं चाक उचलून पायडल उलटं फिरवलं आणि इंच इंच करत सोडवली. अर्धी ओढणी काळी, चेन उतरलेली, पहिलं लेक्चर गेलं.

आत्या म्हणते, "कळवणचा रस्ता वेगळा, पुणे रोड वेगळा. बसने जा." बसचा पास आहे माझ्याकडे, पण प्रॅक्टिकल कधी सुटेल याचा नेम नसतो, आणि मला सायकल सोडायची नाहीये. तर:

द्वारकेला न जाता दुसरा रस्ता आहे का? चेन आठवड्यातून दोनदा तरी उतरते, ती का? आणि पावसात ब्रेक लागत नाहीत, माझेच की सगळ्यांचे?

जुना पुणेरोडकर

आहे की रस्ता. उपनगरहून द्वारकेकडे निघालीस की फेमच्या सिग्नलला डावीकडे अशोका मार्ग धर. तिथून वडाळा, मग वडाळा-पाथर्डी रोडने इंदिरानगर. बोगद्यातून हायवेच्या पलीकडे गेलं की गोविंदनगर, तिडके कॉलनी, चांडक सर्कल. त्र्यंबक रोड ओलांडलास की कॅनडा कॉर्नर आलाच समज, तिथूनच कॉलेज रोड. थोडं लांब पडतं, पण सिग्नलला उभं राहण्यात जो वेळ जातो तो वाचतो. गिअर नसलेल्या सायकलला सगळा मिळून पाऊण तास धर, सुरुवातीला तासभर.

गोम एकच आहे, इंदिरानगरचा बोगदा. सकाळी दोन्हीकडून गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या असतात. तिथे मर्दुमकी नको, उतरायचं आणि कडेने सायकल हातात धरून चालायचं. आणि कुणी म्हणालं की उड्डाणपुलावरून जा, तर अजिबात ऐकू नकोस. वर गाड्या सुसाट असतात, बाजूला व्हायला जागा नाही.

आमचे वडील प्रेसमध्ये (नाशिकरोडच्या छापखान्यात) होते, रिटायर होईपर्यंत सायकलवर. तेव्हा पुणे रोडवर सायकलींना मान होता म्हणतात. असो.

ग्रीसचे हात

चेन उतरते म्हणजे ढिली झालीय. सायकल स्टँडवर लाव, खालची चेन मधोमध बोटाने वर दाब. बोटभर हलली तर ठीक. त्याहून जास्त हलत असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल कर आणि चाक मागे ओढ. इथे सगळे चुकतात: एकच बाजू ओढली जाते, चाक तिरकं बसतं आणि टायर फ्रेमला घासतं. चाक बरोब्बर मध्ये आहे का बघ, मगच नट आवळ. पाना नसेल तर पंक्चरवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे. एवढं करूनही उतरत असेल तर चेन आणि फ्रीव्हीलचे (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीचे) दाते झिजलेत, दोन्ही एकदम बदल. नवी चेन जुन्या दात्यांवर घसरते.

चेनकव्हर आहे का? नसेल तर आधी ते बसव, ओढणीचा प्रश्न तिथेच मिटेल. तोवर ओढणी कमरेला गाठ मारून.

ब्रेक सगळ्यांचेच पावसात असे होतात. रिम ओली असली की पहिला दाब पाणी पुसण्यातच जातो. म्हणून थांबायचंय त्याच्या बरंच आधी हलकं हलकं दाबत यायचं, रिम पुसली जाते, मग खरा ब्रेक लागतो. रबर झिजून आतलं लोखंड रिमला लागत असेल तर मात्र आजच बदल.

स्पष्टच बोलतो

रोजची वीसेक किलोमीटर रपेट पहिल्या वर्षाला कशाला? पंडित कॉलनीत नाहीतर गंगापूर रोडला कॉट बेसिसवर जागा बघा, कॉलेज चालत जाता येईल.

उपनगरवाली

@स्पष्टच बोलतो, बाबांनी नाशिकला पाठवलं तेच आत्याकडे राहायचं या अटीवर. ते दार बंद आहे.

@ग्रीसचे हात, चेनकव्हर होतं, गावी निघालं तेव्हा मीच फेकलं होतं. 🙈

जुना पुणेरोडकर

आत्यांना सांग, २०१५ मध्ये अमेरिकेतली रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी करणारे डॉ. महाजन बंधू आपल्या नाशिकचेच. (त्या म्हणतील, त्यांना वाटेत द्वारका लागली नव्हती.) आणि पहिल्यांदा कॉलेजच्या दिवशी जाऊ नकोस. रविवारी सकाळी रस्ता एकदा पाठ करून ये.

उपनगरवाली

अपडेट: काल रविवार होता, जाऊन आले. आतेभाऊ स्कूटरवर मागे, आत्याची अट. जाताना ५५ मिनिटं लागली, त्यातली दहा वडाळ्याला चुकीच्या गल्लीत शिरल्यामुळे. बोगदा रिकामा होता, तरी उतरून चालले, आतेभाऊ हसत होता. येताना कॅनडा कॉर्नरला पाऊस आला. ब्रेक आधीपासून हलके दाबत आले, चांडक सर्कलला जिथे थांबायचं तिथेच थांबले.

चेन तपासली तर दोन बोटं हलत होती! चाक मागे ओढून घेतलंय, चेनकव्हर उद्या बसेल. आत्या आज एवढंच म्हणाली, "अंधार पडायच्या आत घरी." प्रॅक्टिकल कधीकधी साडेपाचला सुटतं, म्हणजे दिवाळीनंतर पंचाईत आहे. मागचा लाल दिवा बॅटरीचा घ्यावा की चाकावर चालणारा डायनॅमो? पावसात कोणता टिकतो?

ग्रीसचे हात

बॅटरीचा, चार्जिंगवाला. डायनॅमो टायरला घासून चालतो, ओल्या टायरवर घसरतो, आणि सिग्नलला थांबलीस की विझतो. नेमका तिथेच मागच्याला तू दिसायला हवीस. कॅरिअरच्या मागे बांध, सीटखाली नको. तिथे दप्तर आडवं येतं.