मे महिन्यात ग्वाल्हेर ते पुणे: इन्सुलिन कसं न्यायचं?

लष्करवासी:
पुढच्या आठवड्यात आईला झेलम एक्सप्रेसनं पुण्याला नेतोय, स्लीपरनं. ३०/७० च्या मिश्र इन्सुलिनचं एक पेन चालू आहे, दोन काट्रिज (पेनात घालायच्या इन्सुलिनच्या नळ्या) नव्या. इथं पारा ४४ वर. थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात ठेवलं तर? घरी सिंगल डोअर फ्रीज आहे, सगळं फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये असतं.

माठवाला:
ट्रेमधून आजच काढा. फ्रीझरचा तळ तिच्या डोक्यावरच असतो, रात्री दार उघडत नाही तेव्हा तिथं शून्याखालीही जाऊ शकतं. गोठलेलं इन्सुलिन वितळून पहिल्यासारखं दिसलं तरी टाकून द्यायचं. बर्फाच्या थर्मासमध्येही हाच धोका. उन्हाला सगळे घाबरतात, बर्फाला कोणी नाही!

जागा मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, मागच्या भिंतीला न टेकता. दारात नको. २ ते ८ अंश हवेत. थर्मामीटरची वायर पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी आकडा बघा; नुसत्या हवेचा आकडा दार उघडलं की उड्या मारतो.

चालू पेनला फ्रीज लागत नाही, पण ३० अंशांच्या आत हवं आणि मे महिन्यात आपल्याकडची खोली तेवढी कुठली गार? परातीत ओली वाळू, त्यात कोरडं छोटं मडकं, मडक्यात पेन, वर ओलं फडकं. बाहेर किती दिवस चालतं ते खोक्यातल्या कागदावर बघा, बऱ्याच इन्सुलिनना २८ असतात.

रेवाकाठ:
प्रवासाला पाण्यात भिजवायचं कूलिंग पाउच घ्या. साध्या पाण्यात ५ ते १० मिनिटं, आतले खडे फुगून जेल होतं. जास्त भिजवलं तर इतकं टम्म होतं की पेन आत जात नाही. बाहेरून पुसा आणि खिडकीजवळ हुकाला टांगा, ऊन लागणार नाही असं. पाणी उडतं म्हणून गारवा येतो, तेव्हा लू, म्हणजे कोरडा गरम वारा, इथं कामाची. पावसाळी दमट हवेत हेच पाउच निम्मंही काम करत नाही.

लष्करवासी:
पाउच बॅगेत ठेवलं तर?

रेवाकाठ:
बंद बॅगेत पाणी उडायला जागा नाही, म्हणजे गारवाही नाही. नव्या काट्रिजही त्यातच ठेवा, पण फ्रीजबाहेर काढल्याची तारीख खोक्यावर लिहा, दिवस तिथूनच मोजायचे. पाण्याचा आइस पॅकच वापरायचा असेल तर फ्रीझरमधून काढून वरचा बर्फाचा पातळ थर जाईपर्यंत थांबा. हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की नॅपकिनमध्ये गुंडाळा. औषधाला थेट टेकवू नका.

सुईवाली_ताई:
सुई पेनला लावून ठेवू नका. गरमीत इन्सुलिन गळतं, गार झालं की हवा आत ओढली जाते आणि डोस चुकतो. ३०/७० घ्यायच्या आधी पेन तळहातात १० वेळा घोळवा, १० वेळा खालीवर करा, जोरात हलवू नका. सारखं दुधाळ झालं तर ठीक. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटला तर ती काट्रिज बाद.