प्रबंध, प्रकल्प, व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) निकाल चुकीचा लागला तेव्हा तुम्ही काय केलं?

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पात नापास. "मावशी, सर म्हणले पुढच्या सत्रात परत दे, उगं वाद घालू नको." हेच वाक्य मला २०१६ मध्ये ऐकवलं गेलं होतं, म्हणून हा धागा काढते आहे. मराठवाड्यातल्या ज्यांनी ज्यांनी लघुप्रबंध, पीएचडीचा प्रबंध, प्रकल्प किंवा व्हायवाच्या निकालाविरुद्ध दाद मागितली, त्यांनी लिहा. जिंकलात तरी लिहा, हरलात तरी लिहा. कॉलेजांची आणि माणसांची नावं मात्र नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते.

मी औसा तालुक्यातली, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यात एमए सारखी पदवी केलेली. प्रकल्प होता किल्लारीच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावातल्या पाण्याचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी आईच्या कुशीत होते, वर्षाची. त्यामुळं तो विषय मला कुणी दिलेला नव्हता, माझाच होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ना, त्याच उन्हाळ्यात मी त्या गावात १२० घरं फिरले. कोणत्या घरी किती घागरी, कोण आणतं, किती लांबून, सगळं वहीत उतरवलं. निकालात १०० पैकी ३१.

मार्गदर्शक सर बघून घेतो म्हणाले आणि मग फोन उचलेनात. फेरमूल्यांकनाचा अर्ज भरायला गेले तर यादीत प्रकल्पाचं नावच नाही. प्रकल्प आणि तोंडी परीक्षेला फेरमूल्यांकन नाही, असा नियम तिथं कळला. मी पायरीवर बसून राहिले. परीक्षा विभागातले एक वयस्क कारकून डबा खाऊन परत येत होते, ते थांबले. म्हणाले, "बाई, गुण वाढवून मागू नको. तुझ्या गुणतक्त्याची प्रत माग. माहितीच्या अधिकारात. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत." दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला, दोन प्रती केल्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. त्या पोचपावतीनं पुढं माझं सगळं काम केलं.

सव्वीसाव्या दिवशी पत्र आलं. पानाला दोन रुपये भरून प्रत घेतली. ३१ हे नुसते व्हायवाचे गुण होते, ४० पैकी. अहवालाचा ६० गुणांचा रकाना कोरा. आमच्या कॉलेजनं ते गुण मुदतीनंतर पाठवले आणि ते चढवलेच गेले नाहीत. अहवालाला ४४ होते. म्हणजे ७५ मिळवून मी नापास. दुरुस्त गुणपत्रिका यायला चार महिने लागले आणि तोवर एका संस्थेतली माझी नोकरी गेली. त्या चार महिन्यांत गावात आईला लोक विचारायचे, पोरगी नापास झाली म्हणं. आई काय उत्तर देत होती ते मी अजून विचारलेलं नाही.

अभियांत्रिकी, नांदेडकडचा

आमचा चौघांचा ग्रुप होता. तिघं पास, मी गैरहजर! सगळे एकाच टेबलासमोर उभे होतो राव. हजेरीपटावर माझी सही होती. विभागप्रमुखांकडं अर्ज दिलता, त्यांनी हजेरीपटाची प्रत जोडून परीक्षा विभागाला पत्र दिलं. आठ दिवसांत निकाल बदलला. व्हायवाच्या हजेरीपटावर सही केल्याशिवाय कुणी खोलीबाहेर येऊ नका, एवढंच सांगायचंय.

एलएलएम, बीड जिल्हा

माझ्या लघुप्रबंधाचा विषय १९५० चा हैदराबाद कूळ कायदा. आजोबा कूळ होते, त्या कायद्यामुळं साडेतीन एकर आमच्या नावावर झालं. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य निघालं ४३ टक्के. २०१८ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणं ४० ते ६० टक्क्यांत बसलं की एक वर्ष प्रबंध परत देता येत नाही. मला तोंडी तेच सांगून मोकळे झाले.

रात्री तोच नियम काढून शब्द न् शब्द वाचला. त्यातच लिहिलंय की श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि कायद्यांचा मजकूर तपासणीतून वगळायचा. माझ्या प्रबंधात कूळ कायद्याची कलमंच्या कलमं जशीच्या तशी दिलेली. ती द्यावीच लागतात, कलम स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर तो कायदा राहत नाही. सविस्तर अहवाल मागितला, ज्यात कोणती ओळ कुठून जुळली ते रंगवून दाखवतात. १८ पानांवर पेन्सिलीनं खुणा केल्या, समोर नियमाचं वाक्य लिहिलं आणि ग्रंथालय विभागात अर्ज दिला. फेरतपासणीत ९ टक्के.

त्या ९ मध्ये दोन परिच्छेद खरंच माझी चूक होती. एका लेखातून घेतले आणि नाव द्यायचं राहिलं. १० टक्क्यांच्या आत होतं, कुणी विचारलं नाही. तरी दुरुस्त केले.

पीएचडी, मराठी, परभणी जिल्हा

जात्यावरच्या ओव्यांवर काम. सात वर्षं. गोदाकाठच्या गावांत जाऊन म्हाताऱ्यांच्या मांडीला मांडी लावून गोळा केलेल्या ओव्या. त्यातल्या कितीतरी जणी आता नाहीत. दोन बहिस्थ परीक्षकांपैकी एकांचा अहवाल चांगला, दुसऱ्यांचा प्रतिकूल. विभागात सांगितलं, "थिसिस रिजेक्ट झाला." कागद काहीच नाही.

एक अहवाल प्रतिकूल आला म्हणून प्रबंध लगेच नाकारला जात नाही. मान्य यादीतल्या आणखी एका बहिस्थ परीक्षकाकडं पाठवायचा, त्यांनी समाधानकारक म्हटलं की व्हायवा. यूजीसीच्या पीएचडीच्या २०१६ च्या नियमांत हे आहे आणि ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमांतही आहे. मी तो छापील नियम जोडून, आधी नाकारल्याचं पत्र लेखी द्या म्हणून अर्ज केला. पत्र आलं नाही, दीड महिन्यानं प्रबंध तिसऱ्या परीक्षकांकडं गेल्याचं कळलं.

प्रतिकूल अहवाल मी मागून घेतला. वाचताना हात कापत होते. पहिल्यांदा राग आला, आठवड्यानं परत वाचला तर त्यातले दोन मुद्दे मला पटले. मी ओव्या विषयवार लावल्या होत्या, पण कोणी, कोणत्या गावात, कधी म्हटल्या याची नोंद परिशिष्टातही नीट नव्हती. ज्या बायांनी दिल्या त्यांचीच नावं मी मागं टाकली होती. व्हायवाला मी ते स्वतःहून सांगितलं आणि दुरुस्त यादी घेऊन गेलो. पदवी मिळाली.

एमए, हिंगोली जिल्हा

मी हरले. प्रबंध मराठीत लिहिलेला, मराठीत लिहायला परवानगी होती. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक इंग्रजीत विचारत गेले. मी मराठीत उत्तर द्यायला लागले की म्हणायचे, इंग्रजीत बोला. चार प्रश्नांनंतर मी गप्प झाले. गुण ४२, आणि पुढं जिथं अर्ज करायचा होता तिथं ५५ टक्के लागत होते.

विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारण समितीकडं मी लिहिलं की माझी योग्यता जास्त आहे, गुण वाढवून द्यावेत. समितीनं फेटाळलं. पुढं विद्यापीठाच्या लोकपालांकडं (समितीच्या निर्णयावरचं अपील ते ऐकतात) गेले, तिथंही फेटाळलं. यूजीसीच्या तक्रार निवारणाच्या २०२३ च्या नियमांत स्पष्ट आहे, नुसतं गुण वाढवून मागणं लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. माझ्याकडं तो मुद्दा होता! मराठी प्रबंधाला इंग्रजीत उत्तरं मागितली, खोलीत आणखी दोघं बसलेले होते. पण मी भाषेबद्दल एक शब्दही लिहिला नाही, कारण मला त्याची लाज वाटत होती. अर्ज लिहिताना तरी ती लाज बाजूला ठेवायला पाहिजे होती.

निवृत्त प्राध्यापक, लातूर

तीस वर्षं मार्गदर्शक होतो. एका मुलानं माझ्याच दिलेल्या गुणांवर तक्रार केली होती. मला वाईट वाटलं, त्याच्याशी महिनाभर नीट बोललो नाही. कागद काढले तेव्हा बेरीज माझीच चुकलेली, ११ गुणांची. मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. मार्गदर्शक नाराज होईल म्हणून तुम्ही थांबता हे मला ठाऊक आहे. आम्ही नाराज होतोही. तरी अर्ज द्या.

एमएस्सी, जालना जिल्हा

ताई, समितीचा निर्णय मला २ तारखेला हातात मिळाला, आज १२. सही करून घेतलाय. विषय हजेरीचा नाही, अहवाल एका परीक्षकानं तपासलाय, नियमात दोघं आहेत. समिती म्हणते फरक पडत नाही. घरी बापू म्हणतात सोडून दे, सोयाबीन काढायला ये. काय करू?

धागा काढणारी

बाळा, निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडं जाता येतं. तुझ्या हातात पाच दिवस आहेत, आजच बस. गुणांबद्दल एक ओळही लिहू नको. दोन परीक्षकांचा नियम, एकाच सहीच्या गुणतक्त्याची प्रत आणि समितीचा निर्णय, एवढं जोड. त्यामुळं निकाल कसा बदलू शकतो ते एका परिच्छेदात लिही. प्रत्यक्ष देणार असशील तर दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको. पोर्टलवर भरलास तर पावती छापून ठेव. बापूंना फोन दे, मी बोलते. सोयाबीनला पोर्णिमेपर्यंत माणसं मिळतील.