झाकणाच्या कपातला चहा आणि हाताने ओढलेल्या नूडल्स, सांगलीत जमतील का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ मेडिकलला यिनच्वानला होता, निंगशियाची राजधानी, चीनचा वायव्य भाग. तिथं हुई लोक, म्हणजे चिनी बोलणारे मुसलमान, खूप आहेत आणि त्यांच्याच हॉटेलात तो जेवायचा. आता मिरजेत इंटर्नशिप करतोय आणि रोज तिकडचंच काहीतरी आठवतं त्याला. पुढच्या आठवड्यात वाढदिवस आहे तर मला त्याला सरप्राईज द्यायचंय. एक तो चहा ज्यात मनुका, खजूर, खडीसाखर असं बरंच घालतात, आणि दुसरं लान्झौच्या बीफ नूडल्स, पण आमच्याकडे मटणच चालेल. रविवारी ट्राय केलं, चहा उकळला तर काढा झाला आणि नूडल्स ओढताना तुटतच राहिल्या. कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

वाईचा_खवय्या:
ताई, चहा उकळायचाच नाही. त्याला बाबाओ छा म्हणतात, आठ रत्नांचा चहा. कप तीन भागांचा असतो, झाकण, वाटी आणि खाली बशी. दूध अजिबात नको. वाटीत थोडी चहापत्ती, खडीसाखर, बेदाणे, अक्रोड, तीळ, गोजी बेरी घाला (गोजी निंगशियातल्या चोंगनिंगची प्रसिद्ध, आपल्याकडे ऑनलाईन मिळते), वर कडकडीत पाणी ओता आणि दोन-तीन मिनिटं झाकून ठेवा. मग झाकणाची कड पाण्यावरून फिरवत पत्ती बाजूला सारायची आणि झाकण थोडं तिरकं धरून प्यायचं. संपत आलं की परत पाणी ओतायचं, खडीसाखर हळूहळू विरघळते म्हणून चव प्रत्येक वेळी बदलत जाते, मला हेच जास्त आवडतं. शेवटी उरलेली फळं खायची. आणि खजूर म्हणालात ना, इंग्रजीत त्याला रेड डेट म्हणतात म्हणून घोळ होतो, ते खरं तर बोराच्या जातीचं फळ आहे. वाळवलेली बोरं मिळाली तर तीच घाला. बेदाण्याचं तर तुम्हाला काय सांगायचं, तासगाव शेजारीच आहे.

पापडवाली_काकू:
नूडल्स तुटतात कारण पिठात खार नाही. तिकडे वाळवंटी झुडपाची राख घालायचे, तिला फंगह्वे म्हणतात, तिने पीठ चिवट होतं आणि रंग पिवळसर येतो. आपला पापडखार पण तेच काम करतो बघ. अर्ध्या किलो मैद्याला पाव चमचा पापडखार आणि एक चमचा मीठ, जास्त घातलास तर कडवट लागेल. भरपूर मळ, ओला फडका टाकून तासभर ठेव, परत मळ, मग तेलाचा हात लावून लोळ्या करून ओढ. पहिल्यांदा केसासारख्या बारीक नको करूस, जाड पट्ट्याच कर, लान्झौत पण रुंद पट्टीच्या नूडल्स असतातच. मऊ पीठ ओढायला सोपं जातं पण चटकन लोंबतं, त्यामुळे पाणी थोडं थोडं घाल.

वाईचा_खवय्या:
काकूंनी बरोबर सांगितलं. रस्सा मात्र आपल्या पांढऱ्या रश्श्यासारखा नसतो, खोबरं-खसखस काही नाही, हाडं मंद आचेवर शिजवून एकदम नितळ सूप काढायचं. लान्झौत पाच गोष्टी बघतात, सूप नितळ, मुळा पांढरा, मिरचीतेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, नूडल पिवळी. मा बाओझी या हुई माणसाने १९१५ च्या सुमारास हे गाजवलं असं मानतात आणि लान्झौत लोक सकाळी नाश्त्याला खातात. मसाल्यात ते सिचुआन मिरी घालतात, आपलं कोकणातलं तिरफळ तिचंच भावंड आहे, बी काढून दोन-चार टरफलंच टाका. वेळ असेल तर योउशियांग पण तळा, ती आंबवलेल्या पिठाची जाड पुरी असते, हुई लोक ईदला करतात, शेजाऱ्यांना वाटतात आणि दाताने न तोडता हाताने तुकडे करून खातात.

कृष्णाकाठ:
काकू, दादा, खूप खूप आभार. पापडखार घरातच होता! आत्ता थोड्या पिठाचं करून बघितलं, हातभर लांब ओढली गेली, कुठेच तुटली नाही. झाकणाचा कप नाही मिळाला, स्टीलच्या वाटीवर ताटली ठेवून करतेय. वाळलेली बोरं मात्र अजून शोधतेय, मिरज-सांगलीत या दिवसात कुठे मिळतील कुणी सांगेल का?

पापडवाली_काकू:
गावभागातल्या आयुर्वेदिक जडीबुटीच्या दुकानात विचार, तिथं असतील. नाहीच मिळाली तर खारीक बारीक चिरून घाल, चव वेगळी येईल पण गोड लागेल.