बाळंतपणानंतरचं मन: तुमचे अनुभव लिहाल?

बाळाचं वजन किती, दूध पुरतंय का, हे सगळे विचारतात. आईला रडू येतं का, हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून इथे लिहा, अर्धवट आठवत असलं तरी. सुरुवात मी करते.

तिसऱ्या दिवशी दुपट्याची घडी घालताना कडा जुळेनात, आणि मला हुंदका फुटला. नर्स जवळ बसली. म्हणाली, "प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स एकदम खाली येतात. बहुतेक जणींना असं होतं. दोन आठवड्यांत ओसरलं नाही तर मात्र लगेच या." माझं दहाव्या दिवशी ओसरलं.

*

माझं ओसरलं नाही. बाळाला पाजायचे, न्हाऊ घालायचे, पण दुसऱ्या कुणाचं तरी सांभाळतेय असं वाटायचं. माया का वाटत नाही, या अपराधीपणाने मी पोखरून निघाले होते. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी एक प्रश्नावली दिली. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल. नऊ भराभर सोडवले. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल होता. पेन तिथेच थांबलं. घरी सगळ्यांना "बरी आहे" सांगत होते, कागदाशी खोटं बोलवेना. 'कधीकधी'वर खूण केली. समुपदेशन आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं. अंगावर पाजणं सोडावं लागलं नाही. माया आली, पण हळूहळू. चौथ्या महिन्यात त्याने माझं बोट घट्ट धरलं आणि मला ते सोडवून घ्यावंसं वाटलं नाही, तो दिवस लक्षात आहे.

*

मला जिना उतरताना बाळ हातातून निसटल्याचं चित्र दिसायचं. मी जिनाच टाळू लागले. आपण राक्षसीण आहोत असं वाटायचं. असे नकोसे विचार कितीतरी आयांना येतात, आणि त्यांची भीती वाटते याचाच अर्थ तसं करायची इच्छा नाही, हे समजायला फार उशीर झाला.

*

माझ्या नणंदेचं वेगळं होतं. तीन रात्री झोप नाही, तरी थकवा नाही, आणि "हे बाळ बदललंय" असं ठामपणे म्हणत होती. असं हजारात एखाददुसरीलाच होतं, पण तिथे वाट बघायची नसते. त्याच दिवशी दाखल केलं. आता ती ठणठणीत आहे.

*

मी बाबा आहे. लिहू का, असा प्रश्न पडला होता. बाळ झाल्यावर मीही महिनाभर गाडीत बसून रडायचो, मग घरात जायचो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं, मी एकटीच."