थिंकपॅड टी४८०: आधी रॅम की आधी एसएसडी?

प्रश्न: टी४८० लॅपटॉप, आय५-८३५०यू प्रोसेसर. रॅमची ८ जीबीची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क. टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर), एक्सेल आणि क्रोम एकत्र उघडले की मशीन अडकते. आधी काय बदलू? एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी) बसेल का?

उत्तर १: आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण), यात दुमत नको. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसत असेल तर नुसती रॅम वाढवून विंडोज लवकर सुरू होणार नाही. २.५ इंची, ७ मिमी जाडीची साटा (हार्ड डिस्कसारख्याच जोडणीची) एसएसडी घ्या. सध्याचीच केबल चालते. एनव्हीएमई बसते, पण त्याला याच मॉडेलचा वेगळा ब्रॅकेट लागतो आणि तिथे पीसीआयईच्या (एनव्हीएमईला डेटा पोचवणाऱ्या जोडणीच्या) दोनच लेन मिळतात, म्हणून पूर्ण वेग मिळत नाही. टॅली-एक्सेलला तो फरक जाणवणारही नाही. ब्रॅकेटचे पैसे रॅममध्ये घाला.

उत्तर २: रॅमला दोन स्लॉट आहेत. डीडीआर४ सोडिम (लॅपटॉपची आखूड पट्टी), २४०० वेगाची, ८ जीबीची आणखी एक घ्या. ३२०० ची मिळाली तरी चालेल, ती २४०० वर धावेल. डेस्कटॉपची लांब पट्टी किंवा डीडीआर३एल (जुन्या पिढीची रॅम) मात्र बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. दोन पट्ट्या झाल्या की ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणे) सुरू होते; ग्राफिक्स रॅममधूनच चालत असल्याने त्यालाही फायदा.

उत्तर ३: उघडण्यापूर्वी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. टी४८० ला आतही एक बॅटरी आहे, त्यामुळे मागची काढली तरी बोर्डात वीज राहते. सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) कॉन्फिग, मग पॉवर, तिथे 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा. मशीन बंद होईल. मगच मागची बॅटरी काढून कव्हर उघडा. चार्जर जोडला की आतली बॅटरी पुन्हा चालू होते, म्हणून तो शेवटी जोडा.

रॅमची पट्टी तिरकी घालून पूर्ण आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिप लागल्या पाहिजेत. स्क्रीन काळीच राहिली तर दोन-तीन मिनिटे थांबा, तरी काही नाही तर पट्टी काढून पुन्हा बसवा. बहुतेक वेळा ती अर्धवटच बसलेली असते. नंतर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावा. एकही एरर आली तर पट्टी परत करा.

प्रश्नकर्ता: १ टीबी डिस्कचा ४८० जीबीच्या एसएसडीवर क्लोन (हुबेहूब नक्कल) होईल का?

उत्तर १: वापरलेली जागा ४०० जीबीच्या आत असेल तर होईल. यूएसबी-साटा केबलने एसएसडी बाहेर जोडून क्लोन करा, मग आत बसवा. जुनी डिस्क दोन आठवडे तरी पुसू नका.